दोन घरे, दोन पदार्थ : विनिमयातील निरपव्यय वाटणी

१

अर्थशास्त्राची आणि मराठी गद्याची गाठ फार जुनी आहे. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मराठी गद्य अद्याप घडत होते, आणि ते घडत असतानाच द्रव्य, व्यापार, मजुरी यांसारख्या विषयांचा विचार मराठीतून होऊ लागला होता. ही परंपरा पुढे चालविण्याची जबाबदारी आज शिक्षकांवर व साहित्यसंस्थांवर सारखीच आहे. कारण शास्त्रातील एखादी कल्पना आपल्या भाषेत नीट उतरली नाही, तर ती विद्यार्थ्याच्या मनातही नीट उतरत नाही. तो व्याख्या पाठ करतो आणि अर्थ सोडून देतो.

अशीच एक कल्पना येथे उलगडून पाहण्याचा आमचा विचार आहे. दोन माणसे आहेत व दोन पदार्थ आहेत. नवीन काही उत्पन्न होत नाही. जे आहे त्याचीच अदलाबदल करावयाची आहे. अशा स्थितीत कोणती वाटणी ‘कार्यक्षम’ म्हणावी? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु बाजाराविषयी अर्थशास्त्र जे काही सांगते त्याचा पाया येथे आहे, आणि त्याविषयी जे गैरसमज पसरतात त्यांचे मूळही येथेच आहे.

दृष्टांतासाठी आम्ही सुरत घेतो. मराठी माणसाला सुरत म्हटले की १६६४ व १६७० या सालांतील शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या आठवतात. परंतु लुटण्याजोगे एवढे धन तेथे साचले कसे, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला जातो. त्याचे उत्तर एका शब्दात द्यावयाचे तर ते ‘विनिमय’ असे आहे.

२

इंग्रजांची वखार सुरतेस १६१३ मध्ये स्थापन झाली. पाठोपाठ १६१६ मध्ये डच आले. या दोघांनाही मुख्यतः हवी होती ती पूर्वेकडील बेटांतील मिरी, लवंग व जायफळ. मग ते सुरतेस का आले? कारण असे की, युरोपातील मालाला या बेटांत फारसे गिऱ्हाईक नव्हते. तेथील लोकांना हवे होते ते हिंदुस्थानचे, विशेषतः गुजरात व चोलमंडल किनाऱ्याचे सुती कापड. तेव्हा युरोपातून रुपे आणावयाचे, सुरतेस त्याचे कापड घ्यावयाचे, ते जावा-सुमात्राकडे नेऊन त्याची मिरी करावयाची आणि मिरी युरोपात विकावयाची, असा क्रम बसला. गुजरातचे व्यापारी हेच कापड युरोपीय येण्यापूर्वी कितीतरी आधीपासून तिकडे नेत होते. युरोपीय लोक त्या जुन्या वाटेवर मागाहून येऊन मिळाले इतकेच.

या व्यवहारात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कापडाचा एक तागा सुरतेहून बँटमला गेला म्हणून तो लांब झाला नाही, आणि मिरीचा दाणाही प्रवासाने मोठा झाला नाही. तरीसुद्धा देणारा व घेणारा दोघेही आपण पूर्वीपेक्षा बऱ्या स्थितीत आलो असे समजत होते. ज्याच्याकडे जे विपुल आहे त्याची त्याला किंमत कमी, आणि जे दुर्मीळ आहे त्याची ओढ अधिक. हा मनुष्यस्वभाव आहे. विनिमयाने जगातील वस्तू वाढत नाहीत, पण त्या वस्तूंपासून मिळणारे समाधान वाढते.

अर्थात हे सर्व विनिमय स्वेच्छेचा असेल तरच. १६२१ मध्ये डचांनी जायफळाची बांदा बेटे जिंकून घेतली आणि तेथील बहुतेक रहिवाशांना ठार केले किंवा देशोधडीला लावले. त्यानंतर त्या बेटांतून जायफळ निघत राहिले, पण त्याला आमच्या अर्थाने विनिमय म्हणता येणार नाही. ‘नको’ म्हणण्याचा अधिकार दोन्ही पक्षांना असणे ही या संपूर्ण विवेचनाची पहिली अट आहे.

३

आता मोठा व्यापार सोडून एक लहान उदाहरण घेऊ. तापीकाठी दोन घरे आहेत अशी कल्पना करा. एक शेतकऱ्याचे व दुसरे विणकराचे. शेतकऱ्याच्या घरी ८ मण ज्वारी व कापडाचे २ तागे आहेत. विणकराच्या घरी २ मण ज्वारी व ८ तागे आहेत. दोन्ही मिळून १० मण ज्वारी व १० तागे झाले. दोघांनाही अन्न हवे आणि वस्त्रही हवे. आपल्या सोयीसाठी प्रत्येक घराच्या समाधानाचे माप म्हणून ज्वारीचे मण व कापडाचे तागे यांचा गुणाकार घेऊ. आरंभी शेतकऱ्याचे माप आठ दुणे सोळा आणि विणकराचेही दोन अठ्ठे सोळा.

या मापाविषयी एक खुलासा केला पाहिजे. हा आकडा म्हणजे परीक्षेतील गुण नव्हेत, तो केवळ वर्गातील क्रम आहे. २५ हा १६ पेक्षा वरचा, एवढेच तो सांगतो. किती पटीने वरचा हे सांगत नाही. तसेच शेतकऱ्याच्या २५ ची विणकराच्या २५ शी तुलना करण्याचाही आपल्याला अधिकार नाही. दोन निरनिराळ्या शाळांतील पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यांना केवळ क्रमांकावरून सारखे समजता येत नाही, त्यातलाच हा प्रकार होय.

आता शेतकरी १ मण ज्वारी देऊन १ तागा घेतो. त्याच्याकडे ७ मण व ३ तागे झाले, माप २१. विणकराकडे ३ मण व ७ तागे, त्याचेही माप २१. दोघेही वर चढले. पुन्हा तसाच व्यवहार केला तर सहा चोक चोवीस. तिसऱ्यांदा केला तर पाच पाचे पंचवीस. आणखी एकदा केला तर? शेतकऱ्याकडे ४ मण व ६ तागे राहतील आणि माप २४ वर उतरेल. विणकराचेही तेच होईल. म्हणजे तिसऱ्या व्यवहारानंतर दोघेही आपण होऊन थांबतात. कोणीतरी मागे सरल्यावाचून दुसऱ्याला पुढे सरकता येत नाही, असा हा मुक्काम आहे. या मुक्कामालाच अर्थशास्त्रज्ञ कार्यक्षम वाटणी म्हणतात, आणि इटालियन विचारवंत विल्फ्रेदो पॅरेटो (१८४८–१९२३) याचे नाव तिला जोडतात. हा गृहस्थ मूळचा इंजिनियर. पुढे स्वित्झर्लंडमधील लोझान येथे अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला.

थांबण्याचे कारण नीट समजून घ्यावे. दोन व्यवहारांनंतर शेतकऱ्याकडे ६ मण व ४ तागे होते. अशा वेळी थोड्याशा कापडासाठी तो दर ताग्यामागे दीड मणापर्यंत ज्वारी देण्यास राजी असतो, कारण सहाला चाराने भागले की दीड येतो. विणकराकडे ४ मण व ६ तागे आहेत. तो ताग्यामागे मणाचा दोन-तृतीयांश भाग मिळाला तरी संतुष्ट आहे. एकाची देण्याची तयारी दीड मणाची आणि दुसऱ्याची मागणी पाऊण मणाहूनही कमी. मधल्या अंतरात दोघांच्या लाभाला जागा आहे. जोपर्यंत हे अंतर आहे तोपर्यंत सौदा होऊ शकतो. दोघांच्या मनातील भाव एक झाला की अंतर संपते व सौदाही संपतो. ‘सीमांत पर्यायता दर समान होणे’ असे जे जड शब्द पाठ्यपुस्तकात येतात, त्यांचा अर्थ एवढाच आहे.

४

हेच चित्ररूपाने दाखविण्याची एक सुंदर युक्ती आहे, आणि ती वर्गात फळ्यावर सहज करता येते. एका चौकोनी कागदावर शेतकऱ्याचा हिशेब मांडावा : डाव्या-खालच्या कोपऱ्यातून आडवी मोजावयाची ज्वारी व उभे मोजावयाचे कापड. दुसऱ्या तेवढ्याच कागदावर विणकराचा हिशेब तसाच मांडावा. मग विणकराचा कागद पूर्ण उलटा फिरवून त्याचा आरंभबिंदू उजव्या-वरच्या कोपऱ्यात येईल असा पहिल्यावर ठेवावा. चौकोनाची लांबी म्हणजे एकूण ज्वारी, उंची म्हणजे एकूण कापड. आता चौकोनातील कोणताही एक बिंदू एकाच वेळी दोघांची वाटणी सांगतो. एका कोपऱ्यापासून मोजले तर शेतकऱ्याची, दुसऱ्यापासून मोजले तर विणकराची.

समान समाधानाचे बिंदू जोडणाऱ्या वक्ररेषा दोघांच्याही काढल्या, तर काही ठिकाणी त्या एकमेकींना छेदतात व काही ठिकाणी नुसत्या स्पर्श करतात. छेदतात तेथे दोन रेषांच्या मध्ये भिंगाच्या आकाराची एक जागा उरते. त्या जागेतील प्रत्येक बिंदू दोघांनाही अधिक लाभाचा असतो. स्पर्श करतात तेथे हे भिंग मिटलेले असते. असे सर्व स्पर्शबिंदू जोडले की जी रेषा मिळते तिला करार-रेषा म्हणतात. आमच्या उदाहरणात ती एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाणारा सरळ कर्ण आहे.

ही कल्पना प्रथम मांडली फ्रान्सिस इसिड्रो एजवर्थ या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या पंडिताने, १८८१ साली. त्याने उदाहरण घेतले होते ते रॉबिन्सन क्रूसो व त्याचा सोबती फ्रायडे यांचे : एक मजुरी देतो, दुसरा श्रम देतो. गमतीची गोष्ट अशी की, आज सर्वत्र ‘एजवर्थचा चौकोन’ म्हणून ओळखली जाणारी बंदिस्त आकृती एजवर्थने काढलीच नव्हती; ती पॅरेटोच्या १९०६ मधील ग्रंथात आढळते. नाव एकाचे व आकृती दुसऱ्याची, असा विनिमय येथेही झाला आहे.

५

वरील उदाहरणात आम्ही एक मण व एक तागा असा भाव मुकाट्याने गृहीत धरला होता. पण तो भाव ठरविला कोणी? समजा विणकर चतुर आहे व शेतकऱ्याला कापडाची तातडी आहे. विणकर म्हणतो, “४ मण दे आणि २ तागे घे.” शेतकऱ्याकडे ४ मण व ४ तागे राहतात, माप १६, म्हणजे जेवढे होते तेवढेच. विणकराकडे ६ मण व ६ तागे; माप ३६. विनिमयाचा सर्व लाभ एकाच घरी गेला. उलट शेतकरी वरचढ ठरला तर तो २ मण देऊन ४ तागे घेईल व ३६ त्याच्या घरी जातील. हे दोन्ही मुक्काम आणि त्यांच्या मधले सर्व बिंदू सारखेच कार्यक्षम आहेत. त्यांपैकी कोठे थांबावयाचे हे दोघांच्या गरजेवर, धीरावर व चातुर्यावर अवलंबून. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ आणि ‘गरजवंताला अक्कल नसते’ या आपल्या म्हणी म्हणजे या सिद्धान्तावरील लोकभाष्यच होय.

सुरतेच्या इतिहासात याचे ठळक उदाहरण आहे ते वीरजी व्होरा या सतराव्या शतकातील धनाढ्य जैन व्यापाऱ्याचे. एखाद्या मालाचा आलेला सर्व साठा एकट्याने विकत घ्यावयाचा, आणि मग हव्या त्याला आपल्या भावाने द्यावयाचा, ही त्याची रीत होती. मिरीच्या व्यापारावर त्याचा मोठा ताबा होता. इंग्रजांना त्याची सत्ता जाचत असे, तरी वखारीला पैशाची चणचण पडली की त्याच्याच दाराशी जावे लागे. १६६४ च्या स्वारीत त्याची हवेली लुटली गेली. वीरजीशी होणारे सौदे दोन्ही पक्षांच्या संमतीने होत. तोटा होईल असा सौदा इंग्रजांनी केला नसता. पण लाभातला मोठा वाटा कोणाकडे जाई, हे सांगावयास नको.

एजवर्थने येथे एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. दोनच माणसे असतील तर सौदा कोठे थांबेल हे निश्चित सांगता येत नाही. परंतु शेतकरीही पुष्कळ व विणकरही पुष्कळ असतील, तर प्रत्येकाला दुसऱ्याकडे जाण्याची वाट मोकळी राहते. अडवणूक करणाऱ्याचे गिऱ्हाईक शेजारी पळवितो. संख्या वाढत जाईल तसतसा अनिश्चिततेचा पट्टा अरुंद होत जातो, आणि अखेर बाजाराचा भाव तेवढा उरतो. आमच्या उदाहरणात तो भाव एका मणास एक तागा हाच आहे. केनेथ ॲरो व जेरार्ड डेब्रू यांनी १९५१ मध्ये स्वतंत्रपणे हे सिद्धान्त नेटक्या गणिती रूपात मांडले : काही अटी पाळल्या गेल्या, तर खुल्या चढाओढीच्या बाजारातील वाटणी कार्यक्षम असते.

यासाठी सर्वांजवळ निरनिराळी पुंजी असलीच पाहिजे असेही नाही. दुसऱ्या महायुद्धातील युद्धकैद्यांच्या छावणीत रेडक्रॉसकडून प्रत्येकाला सारखेच डबे मिळत. तरीही तेथे भरभराटीचा बाजार उभा राहिला, आणि सिगारेट हे नाणे बनले. स्वतः कैदेत राहिलेल्या आर. ए. रॅडफर्ड याने १९४५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात उर्दू जाणणाऱ्या एका कैद्याची हकीकत आहे : तो शीख कैद्यांकडून मांसाचे डबे घेई व त्यांच्या बदल्यात लोणी व मुरंबा देई. वाटणी अगदी सारखी होती, पण रुची सारखी नव्हती. म्हणून समान वाटणीही कार्यक्षम नव्हती. भाषेचे ज्ञान हेसुद्धा व्यापाराचे भांडवल होऊ शकते, हे साहित्यसेवकांनी त्यातून जाता जाता टिपून ठेवावे.

६

येथवर विवेचन सुरळीत झाले. आता जो मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याकडे वळू.

चौकोनाच्या कर्णावर एक बिंदू असा घ्या की, शेतकऱ्याकडे १ मण व १ तागा आहे आणि विणकराकडे ९ मण व ९ तागे. ही वाटणी कार्यक्षम आहे काय? होय, निःसंशय आहे. विणकराचे काही कमी केल्याशिवाय शेतकऱ्याचे समाधान वाढविता येत नाही. याउलट, एकाकडे ७ मण व ३ तागे आणि दुसऱ्याकडे ३ मण व ७ तागे ही वाटणी कार्यक्षम नाही, कारण तिच्यात दोघांचेही हित करणारी अदलाबदल शिल्लक आहे. मग पहिली वाटणी दुसरीपेक्षा चांगली ठरली काय? मुळीच नाही. या दोहोंपैकी श्रेष्ठ कोणती, यावर पॅरेटोची कसोटी काहीच बोलत नाही. पहिलीतून दुसरीकडे जाताना विणकराचे नुकसान होते, दुसरीतून पहिलीकडे जाताना शेतकऱ्याचे. आणि एकाच्या नुकसानीची दुसऱ्याच्या लाभाशी तुलना करावयाची नाही, असे या कसोटीने आरंभीच ठरविले आहे. न्यायासंबंधी तिचे मौन आहे, आणि मौनाला संमती समजणे हा तर्कदोष होय.

हा केवळ वर्गातील वाद नव्हे. १६३० मध्ये गुजरात व दख्खनमध्ये पाऊस पडला नाही, आणि पुढच्या वर्षी अतिवृष्टीने पिके बुडाली. १६३०–३२ चा हा दुष्काळ गुजरातेत ‘सत्याशियो’ म्हणून स्मरणात राहिला, कारण तो विक्रम संवत १६८७ मध्ये पडला. इंग्रज कंपनीचा नोकर पीटर मंडी हा नोव्हेंबर १६३० मध्ये सुरतेहून आग्र्यास निघाला. वाटेत पाहिलेल्या प्रेतांची व ओसाड गावांची वर्णने त्याने लिहून ठेवली आहेत. ज्यांच्या कापडावर सुरतेचे वैभव उभे होते ते विणकर मेले किंवा परागंदा झाले, आणि वखारींना कापड मिळेनासे झाले.

विणकराचे हाल का झाले ते चौकोनाच्या भाषेत पाहा. त्याचे कौशल्य गेले नव्हते, हातमाग मोडला नव्हता. पण ज्वारी एवढी महागली की आठ ताग्यांना आठ दिवसांचे अन्नही मिळू नये. ज्याच्याजवळ थोडे धान्य आहे तो कापडासाठी ते का देईल? आणि ज्याच्याजवळ रुपे आहे तो उरलेले धान्य आधी उचलतो. सौदे स्वेच्छेने होत राहतात, भाव ठरत राहतो, आणि ज्याच्या हाती फक्त कापड आहे तो बाजाराच्या दारात उपाशी मरतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ मधील आपल्या ग्रंथात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळासंबंधी हेच दाखविले : धान्य अगदी नाहीसे झाले नव्हते, शेतमजूर, कोळी इत्यादिकांची आपल्या श्रमाच्या बदल्यात धान्य मिळविण्याची शक्ती नाहीशी झाली होती. अशा बाजारातील अखेरची वाटणी पॅरेटोच्या कसोटीला उतरू शकते. एवढ्यावरून त्या कसोटीची मर्यादा स्पष्ट व्हावी.

मग उपाय काय? ॲरो व डेब्रू यांच्या सिद्धान्ताचा दुसरा अर्धा भाग येथे उपयोगी पडतो. करार-रेषेवरील जो बिंदू समाजाला न्याय्य वाटेल, तो विनिमयाच्या मार्गानेच गाठता येतो. मात्र त्यासाठी आरंभीची पुंजी आधी बदलली पाहिजे. बाजार बंद करण्याची गरज नाही. बाजारात येणाऱ्याचे हात रिकामे नसावेत, एवढे पाहावे. १६३०–३२ च्या दुष्काळात शाहजहानने बुऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत या भागांत लंगर उघडले आणि महसुलात सूट दिली, असे त्याच्या दरबारी इतिहासकाराने नमूद केले आहे. संकटाच्या मानाने ही मदत तोकडी होती. पण तिचे तत्त्व तेच होते : आधी ज्वारीचा थोडा वाटा विणकराच्या ओंजळीत घाला, मग त्याला बाजारात जाऊ द्या. आधुनिक काळातील रोजगार हमी व स्वस्त धान्य या योजनांचे तत्त्वही याहून निराळे नाही. महाराष्ट्रातील १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांना दुष्काळी कामांवर मजुरी मिळाली, ती याच वाटेने जाणारी होती.

७

शेवटी शब्दाविषयी. अशा वाटणीला मराठीत ‘इष्टतम’, ‘पर्याप्त’, ‘कार्यक्षम’ असे निरनिराळे शब्द लावता येतात. यांपैकी ‘इष्टतम’ आम्हाला धोक्याचा वाटतो. इष्ट म्हणजे हवेसे, आणि इष्टतम म्हणजे सर्वांत हवेसे. एकाला नऊ व दुसऱ्याला एक अशा वाटणीला इष्टतम म्हटले, की शास्त्राने जो निवाडा दिलेलाच नाही तो शब्द देऊन टाकतो. ‘पर्याप्त’ याचा अर्थ पुरेसे. आणि ज्याला पुरेसे मिळालेले नाही त्याच्या वाट्याला तो शब्द कसा लागू पडावा? ‘कार्यक्षम’ हा त्या मानाने निरुपद्रवी आहे, परंतु क्षमता माणसाची किंवा यंत्राची असते, वाटणीची नव्हे.

आमच्या मते या कल्पनेचा गाभा अपव्यय नसणे हा आहे. दोघांचेही भले करणारी एखादी अदलाबदल शिल्लक असताना ती न करणे हा अपव्यय. तशी एकही अदलाबदल उरली नाही की वाटणी ‘निरपव्यय’ झाली. हा शब्द जेवढे शास्त्र सांगते तेवढेच सांगतो. ताटातले अन्न वाया गेले नाही, एवढे त्यावरून कळते. पंक्तीतील प्रत्येकाला वाढले गेले काय, हा प्रश्न मोकळा राहतो, आणि तो मोकळा राहिलाच पाहिजे.

मराठीचे आद्य व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे अध्यापनाच्या निमित्ताने सुरतेस होते, आणि १८४४ मध्ये तेथे स्थापन झालेल्या मानवधर्मसभेत त्यांचा पुढाकार होता. शब्दांची शिस्त आणि समाजाची चिंता या दोन्ही गोष्टी एकाच शिक्षकाच्या ठायी नांदू शकतात, हे त्यांच्या चरित्रावरून दिसते. अर्थशास्त्र शिकविणाऱ्यालाही या दोहोंची गरज आहे. वर्गात चौकोन काढून करार-रेषा दाखविल्यावर तास संपला असे शिक्षकाने समजू नये. त्या रेषेवर बोट ठेवून त्याने आणखी दोन प्रश्न विचारावेत : हिच्यावरील कोणत्या बिंदूला आपण न्याय म्हणू? आणि तेथे पोचण्यासाठी आरंभी कोणाच्या हाती काय असावयास हवे होते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गणितात नाही. ते विद्यार्थ्याला स्वतःच्या विवेकातून शोधावे लागेल. दुसऱ्याचे उत्तर शोधताना मात्र गणित व इतिहास दोन्ही त्याच्या मदतीस येतील.